कोकणातून बायोकेमिस्ट्री-बायोफिजिक्सला जायचंय? मग हे बीएस्सीपासूनच करा

मे महिन्यात गावी गेलो की दोन-तीन पोरं तरी हेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. मी राजापूरकडचा, बीएस्सी केमिस्ट्री रत्नागिरीत केली, आता प्रोटीनवर पीएचडी चालू आहे.

आधी मॅथ्स. आपल्याकडे बारावीला बायो घेतलं की मॅथ्स सोडून देतात आणि पुढे तिथेच अडतं, कारण एन्झाइमचा वेग म्हणा, प्रोटीनची घडी म्हणा, शेवटी सगळं लॉग, डेरिव्हेटिव्ह आणि थर्मोडायनॅमिक्सवर येतं. जॅमच्या (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) बायोटेक पेपरला बारावीचं मॅथ्स-फिजिक्स-केमिस्ट्री येतंच. मी एस.वाय.ला असताना बहिणीची अकरावी-बारावीची पुस्तकं घेऊन बसलो होतो, रोज एक तास, क्लास वगैरे काही नाही. त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच गाईडचा नाही झाला.

दुसरं, प्रोटीन डोळ्याने बघा. प्रोटीन डेटा बँक म्हणजे प्रोटीनच्या थ्रीडी रचनांचा ऑनलाइन साठा, फुकट आहे, दोन लाखांवर रचना आहेत तिथे. त्या रचना बघायचं कायमेरा-एक्स हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या, विद्यार्थ्यांना फुकट आहे. हिमोग्लोबिनच्या दोन रचना शेजारी-शेजारी उघडा, एक ऑक्सिजन असलेली, एक नसलेली, आणि चार साखळ्या एकमेकींच्या तुलनेत कशा सरकतात ते शोधा. हिमोग्लोबिन ऑक्सिजन किती पकडतं याचा ग्राफ एस आकाराचा का येतो हे तेव्हा खरं कळतं. नंतर रामचंद्रन प्लॉट वाचा, म्हणजे प्रोटीनची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते याचा नकाशा, तो १९६३ साली मद्रास विद्यापीठातून आला, आपल्याच देशातलं काम आहे आणि आजही प्रत्येक नवीन रचना त्यावर तपासतात.

प्रोजेक्ट नेटवरून उचलू नका प्लीज. घरात कोकम आहे ना? त्याचा लाल रंग अँथोसायनिनचा, पीएच बदलला की रंग बदलतो. सालीचा अर्क काढा, वेगवेगळ्या पीएचचे बफर बनवा, कॉलेजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) रीडिंग घ्या, प्रत्येक रीडिंग तीनदा. इंटरव्ह्यूत यावर अर्धा तास बोलता येतं कारण सगळं तुम्ही हाताने केलेलं असतं.

कुठे जायचं? मुंबई विद्यापीठात कालिन्याला बायोफिजिक्सचा वेगळा विभाग आहे, शिवाय संशोधन संस्था म्हणजे पुण्यात आयसर आणि एनसीसीएस, मुंबईत टीआयएफआर, बंगळुरूला आयआयएससीचं मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट. पण नाव बघून ठरवू नका, तिथे कोण कशावर काम करतंय ते वाचा. उन्हाळ्यात तिन्ही सायन्स अकॅडमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप असते, ती जरूर भरा. तिथल्या सरांना मेल करताना त्यांच्या एका रिसर्च पेपरमधली तुम्हाला न समजलेली एक गोष्ट विचारा, "मी खूप मेहनती आहे" असला एकच मेल पन्नास जणांना पाठवलात तर उत्तर येत नाही.

पैशांचं घरी सांगायला लागतं म्हणून सांगतो. नेट परीक्षेतून जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर २०० मार्कांचा, त्यातला पार्ट सी एकटाच १०० चा, आणि तिथे पाठांतर चालत नाही, ग्राफ वाचता यावे लागतात.

आणि इंटरव्ह्यू पावसाळ्यात आला तर एक दिवस आधीच निघा. कोकण रेल्वे तेव्हा पावसाळी वेळापत्रकावर असते, गाड्या हळू चालतात, त्यात दरड आली तर अख्खा दिवस जातो.