ओल खाल्लेली जुनी कॅम्पर व्हॅन घेताय? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये नाशिकला जुनी कॅम्पर व्हॅन बघायला गेलात, तर ती कोरडीच दिसणार. महिनाभर उन्हात उभी असलेली गाडी आतून खडखडीत वाळते, बुरशीवर ओला फडका फिरवला की डाग जातात, आणि एक एअर फ्रेशनर लटकवला की कुबट वासही दबतो. तीच गाडी जुलैत त्र्यंबक रस्त्याला न्या, छताच्या कोपऱ्यातून पाणी टपकायला वेळ लागत नाही. म्हणून आज ओल आहे का, हे विचारून उपयोग नाही. पाणी कुठून शिरत होतं, कुठवर पोचलं आणि वाटेत त्याने काय खाल्लं, हे शोधायचं. नुसतं लाकूड खाल्लं असेल तर गाडी जरूर घ्या. चॅसिस म्हणजे खालचा सांगाडा आणि पिलर म्हणजे छत पेलणारे उभे खांब खाल्ले असतील तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आपल्याकडच्या बहुतेक कॅम्पर म्हणजे मुळातल्या फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर किंवा तशाच प्रवासी गाड्या. सीट काढून आत फर्निचर ठोकलेलं असतं. बॉडी एकाने बांधलेली, आतलं काम दुसऱ्याने केलेलं. गळती बहुतेक वेळा या दुसऱ्याने पाडलेल्या भोकांतून सुरू होते.

डाग आहे तिथेच भोक शोधणं

छताच्या पत्र्यातून आलेलं पाणी सरळ खाली पडत नाही. ते आतल्या आडव्या पट्ट्यांवरून, वायरिंगच्या नळीवरून वाहत जातं आणि उतार संपेल तिथे टपकतं. डाग मागच्या पलंगावर आणि भोक पुढच्या कॅरियरच्या बोल्टला, असं सर्रास असतं. गाडी ज्या उतारावर उभी असते त्यावर पाण्याची वाट ठरते. नाक खाली करून उभी असताना न गळणारी गाडी घाटाच्या चढावर गळू शकते.

छतावर चढा. कॅरियरचे बोल्ट, सोलर पॅनेलचे ब्रॅकेट, व्हेंट, एसीसाठी कापलेला पत्रा आणि आत जाणारी केबल, ही पाच ठिकाणं आधी बघा. मग खिडक्यांची रबरं, पन्हळीची शिवण आणि टेललॅम्पचं गॅस्केट. कुठे सिलिकॉनचे एकावर एक थर थापलेले दिसले, तर ती गळती मालकाला माहीत होती आणि ती थांबलेली नव्हती, हे नक्की समजा. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन पत्र्यासाठी आणखी वाईट. सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि खालचा उघडा पत्रा गंजायला लागतो. पत्र्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच हवं, तेही जुना थर पूर्ण खरवडून काढल्यावर.

पाण्याची चाचणी मागायला लाजू नका. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन नको, तिचं पाणी चांगल्या रबरातूनही आत घुसतं. बागेचा साधा पाइप घ्या. एकाने बाहेरून खालून वर जायचं: आधी चाकांच्या कमानी, मग दाराचा खालचा भाग, मग खिडक्या आणि सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि कुठलं कुठून आलं ते कळत नाही. विकणारा "आत्ताच धुतलीय, पुन्हा कशाला?" म्हणाला, तर तुमची चाचणी तिथेच झाली.

सनमायका बघून भाव ठरवणं

पाथर्डी फाट्याजवळ एका ओळखीच्यांसाठी मी एक ट्रॅव्हलर बघितली होती. आतून देखणी. पांढरी सनमायका, एलईडी पट्ट्या, सिंकला ग्रॅनाइट. कपाटाच्या खालच्या फळीला अंगठ्याने दाबलं तर सनमायका आत गेली आणि सोडल्यावर परत वर आली. बिजागरीचा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरला. फळी उचलली तर प्लाय भिजलेल्या वहीसारखं पान पान सुटलेलं, आणि मागची ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवायला भरलेला काचतंतूंचा कापूस, पिळल्यावर पाणी निघालं. तेव्हा नोव्हेंबर चालू होता, पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते. भिंतीच्या आत अडकलेली ग्लासवूल किती काळ ओली राहते ते त्या दिवशी नीट दिसलं, आणि तेवढा सगळा काळ तिच्या पाठीमागचा पत्राही ओलाच होता.

असं प्लाय वाळवून परत घट्ट होत नाही, त्यातला डिंक सुटलेला असतो. स्वस्तात केलेल्या कामात एमआर ग्रेड वापरतात. ते दमटपणा सोसतं, पाणी नाही. गाडीत बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लाय हवं, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड दिसला तर तो निघणारच असं धरून चाला.

म्हणून माझा भावाचा हिशेब साधा आहे. ओल लागलेल्या आतल्या कामाची किंमत शून्य धरा. त्याच वर्षाची, तेवढीच चाललेली रिकामी गाडी बाजारात कितीला जाते ते बघा, त्यातून पत्र्याचं काम आणि जुनं फर्निचर उखडायची मजुरी वजा करा. चालू स्थितीतली बॅटरी, फ्रिज, सोलर यांची जुन्या बाजारातली किंमत तेवढी वर जोडा. "इंटिरियरलाच एवढे लाख घातलेत" हे मालकाचं दुःख खरं असतं, मला त्याची कणव येते. पण त्याचे पैसे तुम्ही भरायचे नसतात.

मॉइश्चर मीटर असेल तर न्या. लाकडात २० टक्क्यांच्या वरचा आकडा म्हणजे कुजण्याची सोय झाली. पण पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे चांगलं लाकूडही वाढीव आकडा दाखवतं, आणि मीटरच्या पिना मागच्या पत्र्याला किंवा इन्सुलेशनच्या फॉइलला टेकल्या तर भलताच आकडा येतो. आधी गाडीतल्या एका नक्की कोरड्या फळीवर मोजा आणि बाकीचे आकडे तिच्याशी ताडून बघा.

गाडीचं पोट न बघणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. दोन तास आत घालवणारे लोक खाली वाकून बघत नाहीत.

सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवा, दोन-चारशे रुपये गेले तरी चालतील. सोबत जुना स्क्रू ड्रायव्हर, लहान हातोडी आणि लोहचुंबक ठेवा. हातोडीने हलके ठोकत जा. चांगला पत्रा टणटणतो, खाल्लेला भद्द वाजतो. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. वरवरचा तांबडा गंज घासून रंगवता येतो. पापुद्रे सुटत असतील तर तो भाग कापून नवा पत्रा लावावा लागेल. टोक आरपार गेलं तर ते नेमकं कुठे गेलं यावर सगळं अवलंबून आहे.

चाकाच्या कमानीत, दाराच्या पायरीत, मागच्या पत्र्यात गेलं तर ते पत्र्याचं काम, चांगला फॅब्रिकेटर ते करतो. चॅसिसच्या लांब मेंबरमध्ये, स्प्रिंगच्या पाट्या ज्याला टांगलेल्या असतात त्या हँगरजवळ, स्टिअरिंग बॉक्सच्या बैठकीत किंवा पिलरच्या बुडाशी गेलं, तर परत फिरा. तिथे ठिगळ लावून देणारा मिस्तरी मिळेल, पण हँगर सुटला तर कसारा घाटात मागचा अॅक्सल जागेवर राहणार नाही आणि गाडीत तुमची माणसं असतील.

गाडीच्या पोटाला ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. विकायच्या आधी मारलेलं डांबरासारखं कोटिंग गंज झाकतं आणि आतली ओल कोंडून ठेवतं. बाहेरच्या रंगावर लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तिथे जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे, मात्र बंपर किंवा छत फायबरचं असेल तर तिथे तो तसाही चिकटणार नाही.

वेल्डिंगच्या खर्चात एक गोष्ट हमखास विसरली जाते. पत्र्याच्या मागे प्लाय, फोम, वायरिंग असताना वेल्डिंग करणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्या भागातलं फर्निचर आधी उखडावंच लागतं. म्हणजे खालचा गंज काढायचा पण वरचा किचन ओटा वाचवायचा, हे बहुतेक वेळा जमत नाही. फॅब्रिकेटर, सुतार आणि इलेक्ट्रिशियन तिघांना गाडी वेगवेगळी दाखवून आकडे घ्या. पत्र्याच्या आकड्यात निम्मे आणखी मिळवा, कारण आतलं उखडल्यावर गंज वाढतो, कमी होत नाही.

पुराची गाडी ओळखू न येणं

छतातून गळलेली गाडी वरून खाली कुजते, पुरात बुडालेली खालून वर. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, आणि गोदाकाठही दर काही वर्षांनी पाण्याखाली जातो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. धुतलेल्या गाडीतही पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांत, डॅशबोर्डच्या मागे, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात मऊ माती आहे का ते बोट घालून बघा. कनेक्टरवर हिरवा थर असेल तर वायरिंग पुढची दोन वर्षं तुम्हाला छळणार. पुराच्या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

सगळी ओल बाहेरूनच येते असं समजणं

काही गाड्यांत भोक सापडतच नाही, तरी भिंती ओल्या. ते पाणी आतलंच असतं. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं. पाच किलोची सिलेंडर संपेपर्यंत सुमारे आठ लिटर. निफाडकडच्या थंडीत खिडक्या लावून आत स्वयंपाक केला आणि तिथेच झोपलं, की ही वाफ गार पत्र्याला लागते आणि इन्सुलेशनच्या मागून ओघळते. अशी गाडी बहुधा घेण्यासारखी असते. व्हेंट फॅन आणि पत्र्याला घट्ट चिकटणारं, पाणी न पिणारं इन्सुलेशन केलं की प्रश्न सुटतो.

कागद शेवटी बघणं

आरसी बुकात तेरा सीट आणि गाडीत दोन पलंग, असं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाची नोंद झालेली नाही. त्या नोंदीशिवाय विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळी पाटी म्हणजे व्यावसायिक नोंदणी असेल तर फिटनेस, परमिट, कर आणि पर्यावरण कर यांतलं काय थकलंय ते बघा. खाजगी गाडीला १५ वर्षं झाली असतील तर पुनर्नोंदणीसाठी ती आरटीओसमोर उभी करावी लागेल, आणि तिथे पापुद्रे सुटलेलं चॅसिस लपत नाही. कर्जाचा बोजा आणि ई-चलन ऑनलाइन तपासा.

पेठ रोडच्या आरटीओत हस्तांतराला जाण्याआधी आणि टोकन देण्याआधी चॅसिस नंबरचा ठसा स्वतः घ्या. चॅसिसवरची ती जागा तारेच्या ब्रशने साफ करा, कागद धरा, पेन्सिल आडवी घासा. ओलीने तीही जागा खाल्लेली असते. आकडे अर्धवट उमटले, तर नंबर परत कोरून घेण्याचं काम आणि त्याची परवानगी मालकाने स्वतःच्या नावावर असतानाच पूर्ण करावी. तोवर पैसे तुमच्याच खिशात राहू द्या.