तळ्याचे पाणी हिरवे का होते? पाच बाटल्यांत तपासून पाहा

तळे हिरवेगार पडले की खापर उन्हावर फुटते. ते अर्धेच खरे आहे. शेवाळ किती माजणार हे पाण्यातल्या फॉस्फरस-नायट्रोजनवर ठरते. ते कधी माजणार आणि कोणत्या जातीचे, हे ऊन नि संथ पाणी ठरवते.

या प्रयोगाला फेब्रुवारी-मार्च बरा. मे महिन्यात बडोद्याच्या गच्चीवर बाटलीतले पाणी चाळिशीपार जाते आणि शेवाळ वाढण्याऐवजी मरते. गोत्री, समा किंवा जवळच्या तळ्यातून सहा लिटर पाणी आणा. विश्वामित्रीच्या काठावर मात्र उतरू नका, तिथे मगरी आहेत. पाणी मलमलीतून गाळा, नाहीतर त्यातले बारीक किडे शेवाळ खाऊन निकाल बिघडवतात.

दोन लिटरच्या पाच पारदर्शक बाटल्यांत एकेक लिटर भरा. कृषी केंद्रातून युरिया (नायट्रोजनचे खत) आणि झिरो बावन्न चौतीस (फॉस्फरस-पोटॅशचे विद्राव्य खत) आणा. सोनाराच्या काट्यावर मोजून १० ग्रॅम युरिया एक लिटर साध्या पाण्यात, ५ ग्रॅम झिरो बावन्न चौतीस दुसऱ्या लिटरात विरघळवा. डोस बिनसुईच्या सिरिंजने, प्रत्येकी १ मिली: पहिलीत काही नाही, दुसरीत युरिया, तिसरीत झिरो बावन्न चौतीस, चौथी-पाचवीत दोन्ही. पाचवीला काळ्या कापडाचे दोन वेढे द्या. एक मिलीत साधारण १ मिलिग्रॅम फॉस्फरस किंवा ४.६ मिलिग्रॅम नायट्रोजन जातो. चिमटीने टाकू नका: शेवाळ वाढले की पाण्याचा सामू (pH) चढतो आणि जास्तीच्या युरियातून होणारा अमोनिया त्यालाच मारतो.

तोंडाला फडके बांधून सकाळचे ऊन येईल तिथे ठेवा, रोज हलवा. मागे वर्तमानपत्र धरून अक्षर किती पुसट दिसते ते दहा-चौदा दिवस लिहा.

चौथी सहसा सर्वांत आधी हिरवी होते, पाचवी रेंगाळते. पहिलीसुद्धा हिरवी झाली तर तळ्यात आधीच सांडपाणी मुरते आहे, असा संशय घ्या. चौथीसोबत दुसरीही हिरवी पण तिसरी नितळ, तर तिथे फॉस्फरस भरपूर, नायट्रोजन कमी.

शेवटी चौथी न हलवता रात्रभर ठेवा. सांडलेल्या हिरव्या रंगासारखी साय वर आली तर ते बहुधा निळे-हिरवे शेवाळ. काडी बुडवून काढल्यावर तिच्यावर धागे लोंबले तर बहुधा साधे धाग्यांचे हिरवे शेवाळ. काही निळ्या-हिरव्या जातींचे विष उकळूनही जात नाही, म्हणून हातमोजे घाला आणि असे पाणी जनावरांनाही पाजू नका.