अल्स्टरमधल्या पूर्वजाचं स्कॉटलंडमधलं गाव शोधताना आधी जमीनदार शोधा

थेट स्कॉटलंडच्या चर्च-नोंदवह्यांत आडनाव शोधायला जाऊ नका. १६१० च्या सुमारास स्कॉटलंडहून अल्स्टरला, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, वसायला निघालेल्या कुटुंबांच्या काळातल्या पश्चिम स्कॉटलंडच्या बहुतेक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, वह्या उरलेल्याच नाहीत; मिळेल तो बहुधा त्याच नावाचा दुसराच माणूस.

आधी अल्स्टरमधलं टाउनलँड, म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान महसुली तुकडा, निश्चित करा. १६६० च्या दशकातल्या चूलपट्टीच्या, म्हणजे घरातल्या चुलींवरच्या कराच्या, याद्या आणि १६३० च्या सुमाराची मस्टर रोल, म्हणजे शस्त्र उचलू शकणाऱ्या पुरुषांची यादी, पाहा. मस्टर रोलमध्ये माणसं जमीनदाराच्या नावाखालीच नोंदली आहेत, आणि खरा धागा तिथेच आहे: जमीनदार बरेचदा आपल्याच मुलखातली कुळं नेत. स्ट्राबेनचे हॅमिल्टन पेझली भागातले, आर्ड्‌सचे माँटगोमेरी एअरशायरचे.

मग त्या मुलखातली मृत्युपत्रं आणि १६१७ पासूनची सॅसिन, म्हणजे जमीन-हस्तांतराची नोंदवही, एडिनबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तपासा. साध्या कुळाचं नाव सॅसिनमध्ये क्वचितच येतं. मृत्युपत्रातल्या देणेकऱ्यांच्या यादीत मात्र सापडू शकतं. आडनावाआधी ‘मॅक’ असलेलं-नसलेलं, दोन्ही रूपं बघा.

कुटुंब १६९० च्या दशकातल्या स्कॉटलंडमधल्या दुष्काळात अल्स्टरला आलं असेल, तर जमीनदाराचा धागा फारसा उपयोगी पडत नाही.