लहान मुलांच्या इसबाचे छायाचित्रण : नव्या निवासी डॉक्टरांसाठी अनुभवाचे काही बोल

त्वचारोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात प्रबंधासाठी लहान मुलांच्या ॲटॉपिक डर्मटायटिसचा, म्हणजेच इसबाचा, विषय घेणाऱ्या डॉक्टरांना माझा पहिला आग्रह असा आहे की, कॅमेरा किंवा कोणतेही यंत्र हाती घेण्यापूर्वी ‘ईझी’ (EASI) हे इसबाची तीव्रता मोजणारे गुणांकन पक्के करावे. डोके-मान, हात, धड आणि पाय या चार भागांवर लाली, सूज, ओरखडे आणि खाजवून जाड झालेली त्वचा या चार लक्षणांना प्रत्येकी 0 ते 3 गुण दिले जातात आणि आजाराचा विस्तार लक्षात घेऊन एकूण गुण 0 ते 72 या मर्यादेत येतात. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्यामुळे 8 वर्षांखालील मुलांत त्या भागाचा गुणक, म्हणजे एकूण गुणांतला त्याचा वाटा, 0.1 ऐवजी 0.2, तर पायांचा 0.4 ऐवजी 0.3 धरतात. हे अंगवळणी पडल्याशिवाय छायाचित्रात नेमके काय टिपायचे तेच कळत नाही.

सर्वांत कठीण भाग लालीचा आहे. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर ती लाल दिसतेच असे नाही. ती जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसते, आणि गोऱ्या त्वचेच्या चित्रांवर नजर तयार झालेला डॉक्टर आजाराची तीव्रता सहज कमी लेखतो. या कमी लेखण्याचा परिणाम थेट उपचारावर होतो, म्हणून मला हा मुद्दा केवळ तांत्रिक वाटत नाही. चट्ट्याशेजारची निरोगी त्वचा नेहमी चौकटीत घ्यावी, रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवावी, प्रकाश आणि अंतर दर भेटीत तेच ठेवावे, आणि मोबाइल वापरत असल्यास त्वचा गुळगुळीत करणारी सोय आवर्जून बंद करावी. समोरून पडणाऱ्या फ्लॅशमध्ये कोपराच्या किंवा गुडघ्याच्या लवणीतील जाड त्वचेच्या रेषा सपाट दिसतात, तर बाजूने तिरका प्रकाश टाकला की त्या स्पष्ट उठून येतात. मलम किंवा खोबरेल तेल लावलेली त्वचा चकाकते, त्यामुळे आदल्या भेटीतच आईला तशी सूचना देऊन ठेवावी. बाळ रडत असेल तर गालांचे चित्र घेऊ नये, कारण रडण्याने आलेली लाली इसबाच्या लालीत मिसळते. त्याला शांत होऊ द्यावे, मांडीवरच बसू द्यावे.

यंत्रांबद्दल नव्या मंडळींना फार आकर्षण असते. परावर्तन कॉनफोकल सूक्ष्मदर्शकाने त्वचेच्या पेशी जिवंतपणी पाहता येतात, पण खोली साधारण पाव मिलिमीटरपर्यंतच मिळते आणि तपासणी होईपर्यंत अंग स्थिर ठेवावे लागते, जे खाजेने हैराण झालेल्या दोन वर्षांच्या मुलाकडून अपेक्षिणे अवघड आहे. ऑप्टिकल कोहिअरन्स टोमोग्राफी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेच्या थरांचे चित्र घेणारी तपासणी, एक ते दोन मिलिमीटर खोलवर पाहते आणि झटपट होते. बाह्यत्वचेची जाडी सुई न टोचता मोजता येत असल्याने स्टिरॉइड मलमाने त्वचा पातळ होते आहे का, याचा मागोवा घेण्यासाठी ती मला मुलांत अधिक उपयुक्त वाटते. दोन्ही यंत्रे महागडी आहेत, तेव्हा ती विभागात प्रत्यक्ष उपलब्ध आहेत का, हे पाहूनच विषय ठरवावा.

कोणत्याही प्रतिमेत खाज दिसत नाही, रात्रीची मोडलेली झोपही दिसत नाही. त्यासाठी गेल्या आठवड्याविषयी सात प्रश्न विचारणारी ‘पोएम’ प्रश्नावली प्रत्येक भेटीत पालकांकडून भरून घ्यावी, आणि चित्र व उत्तरे जुळत नसतील तर पालकांशी निवांत बोलावे.

संमतीपत्राच्या बाबतीत कसलीही सवलत घेऊ नये. पालकांची लेखी संमती तर हवीच, शिवाय सात वर्षांवरील मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचाही होकार घ्यावा. उपचार, प्रबंध आणि प्रकाशन यांसाठी वेगवेगळी संमती असावी. चित्रे वैयक्तिक फोनमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या गटात न ठेवता, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक देऊन विभागाच्या सुरक्षित संगणकावर त्याच दिवशी हलवावीत आणि मग फोनमधून पुसून टाकावीत.