ऑपरेशनच्या आधी एक फोन

हिंगोली-परभणीहून पेशंट थेट नांदेडला नाहीतर संभाजीनगरला नेतात, आणि डिपॉझिट भरून झाल्यावर कुणीतरी विचारतं, "योजनेत बसत नाही का?"

ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर आधी १५५३८८ वर फोन लावा. ही महात्मा फुले जन आरोग्य योजनेची, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेची, हेल्पलाइन. दवाखाना योजनेत आहे का, एवढंच विचारून फोन ठेवू नका. हेच ऑपरेशन तिथं योजनेतून होतं का, तेही विचारा. बहुतेक जण इथंच अडकतात.

१. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळवून बघा. सासर-माहेरच्या आडनावाचा घोळ असेल तर दुरुस्ती आधीच उरका.
२. दवाखान्यात पोचलं की पहिल्यांदा आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणारा माणूस) गाठा, कॅश काउंटर नंतर.

योजना कॅशलेस आहे, म्हणून आधी बिल भरून मागून पैसे मिळतील या भरवशावर राहू नका.