सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हम्प्ता पासला जायचं असेल तर

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्यांना हिमालयाची ओढ लागली की हम्प्ता पासचं नाव हमखास पुढे येतं. कुल्लूच्या बाजूने जोबऱ्याहून चढायचं, साधारण ४,२७० मीटरवरची खिंड ओलांडायची आणि पलीकडे लाहौलमध्ये छत्रूला, चंद्रा नदीच्या काठी उतरायचं. बहुतेक जण एखाद्या ट्रेकिंग कंपनीबरोबर जातात. तिथे तंबू उभा मिळतो, जेवण शिजलेलं मिळतं. ही यादी मात्र तीन-चार जणांनी मिळून, सगळं सामान स्वतः उचलून आणि सोबत एक स्थानिक वाटाड्या घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे. गटात निदान दोघे आधी हिमालयात तंबूत राहिलेले असावेत. तसे नसतील तर पहिल्या खेपेला कंपनीबरोबरच जा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामानाचं नंतर बघू. आधी रजेचं बघा, कारण या ट्रेकला सगळ्यात जास्त दिवस लागतात आणि नेमकी तिथेच काटकसर होते. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. मनालीत बसमधून उतरता तेव्हाच तुम्ही दोन हजार मीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वात उंच टोकाच्याही वर असता. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. त्याची सवय व्हायला शरीर वेळ घेतं, आणि तुम्ही राजगड किती तासांत चढता याच्याशी त्या वेळेचा काही संबंध नाही. उलट तगडे गडी भरभर चढतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात, हे वारंवार दिसतं.

डॉक्टर सांगतात तो नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलात तर चालतं, मोजायचा तो मुक्काम. रूढ कार्यक्रमात मनालीहून गाडीने जोबरा आणि त्याच दिवशी चालत सुमारे ३,१०० मीटरवरचं चिका गाठतात. ही एका दिवसात हजार मीटरची उडी झाली. त्यापेक्षा एक रात्र मनालीत, एक रात्र वर सेथन गावात (साधारण २,७०० मीटर), मग चिक्याला दोन मुक्काम, त्यानंतर बालू का घेरा आणि खिंडीपलीकडचं शिया गोरू अशी मांडणी करा. वर एक दिवस हवामानासाठी राखीव ठेवा. महाराष्ट्रातून जाण्या-येण्याचा प्रवास धरून दहा-अकरा दिवसांची रजा लागते. तेवढी मिळत नसेल तर तारीख पुढे ढकला, मुक्काम कापू नका.

औषधांच्या पिशवीत डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड असावं, पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसं आधीच सांगा. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, ओआरएस, चिकटपट्टी, आपली रोजची औषधं हे नेहमीचंच. दारू आणि झोपेच्या गोळ्या घरीच राहू द्या.

गोळ्यांपेक्षा महत्त्वाचं असतं ते गटाचं आधी ठरलेलं असणं, आणि ते मनालीला पोचायच्या आत ठरायला हवं. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं होतंय, तर बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला थांबत नाही, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, तर लगेच खाली, रात्र असली तरी. रोज संध्याकाळी प्रत्येकाला एका सरळ रेषेत चालायला लावा, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत, दहा-बारा पावलं. तोल जात असेल तर तो मेंदूला सूज येत असल्याचा इशारा समजा. खाली नेताना आजाऱ्याला एकट्याने पाठवायचं नाही. या वाटेची एक अडचणही लक्षात ठेवा: खिंड ओलांडल्यावरचा मुक्काम, शिया गोरू, सुमारे ३,९०० मीटरवर आहे, म्हणजे बालू का घेऱ्यापेक्षा उंच. तेव्हा कोणाची तब्येत शंकास्पद असेल तर निर्णय बालू का घेऱ्यालाच घ्या. तिथून मागे फिरलं की काही तासांत चिका येतं. खिंडीत पोचून विचार करायला बसलात तर दोन्ही बाजू लांब पडतात.

हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला खिंडीच्या दोन्ही अंगांना बर्फ असतो, तेव्हा बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक हवेत आणि बर्फावरून चालायचा सराव हवा. जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लूची बाजू पावसात भिजते आणि लाहौल कोरडं राहतं. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसातला फरक ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. मला स्वतःला सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आवडतो. पाऊस ओसरलेला असतो आणि नाले उतरलेले असतात. पण सप्टेंबरही हमखास नाही. २०१८ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लाहौल-स्पितीत अवेळी भरपूर बर्फ पडला आणि ट्रेकर जागोजाग अडकले. २०२३ च्या जुलैत तिथल्याच चंद्रताल सरोवरापाशी शेकडो पर्यटक अडकून पडले होते. शिधा म्हणूनच एक दिवस जास्तीचा घ्यायचा. नोंदणी आणि परवानगीचे नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा निघायच्या आधी वाटाड्याकडून खात्री करून घ्या.

सरावासाठी आपल्याकडे जागांची वाण नाही. कळसूबाई, साल्हेर, रतनगड यांपैकी जे जवळ असेल तिथे बारा-तेरा किलोंची सॅक घेऊन लागोपाठ दोन दिवस चला. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भरा आणि गुडघे कुरकुरत असतील तर माथ्यावर त्या रिकाम्या करून उतरा. जूनच्या पावसातला एखादा ट्रेक जरूर करा. सॅकमधलं काय भिजतं ते हिमालयाच्या आधी इथेच कळतं.

कपड्यांत सुती काही नको. भिजलेली सुती बनियन लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. चालताना पॉलिस्टरचे दोन टी-शर्ट आलटून पालटून, झोपायला वेगळा कोरडा थर्मलचा जोड, वर फ्लीस, मुक्कामावर पिसांचं जॅकेट आणि पावसा-वाऱ्यासाठी जॅकेट व पॅन्ट. पॉन्चो सह्याद्रीत छान, पण खिंडीतल्या वाऱ्यात तो तोंडावर येतो आणि पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड, लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड. उंचीबरोबर अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि बर्फावरून ती परत डोळ्यांत येतात, म्हणून कडेने झाकणारा गॉगल प्रत्येकाला हवा, वाटाड्यालाही.

स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा ‘कम्फर्ट’चा (आरामात झोप लागेल त्या तापमानाचा) आकडा बघा, ‘लिमिट’चा (जेमतेम निभावेल त्याचा) नाही. उणे पाच अंश कम्फर्ट पुरेल. खाली चांगली मॅट नसेल तर भारी बॅगसुद्धा जमिनीचा गारवा अडवू शकत नाही. बूट घोट्यावर येणारे, निदान दोन महिने वापरलेले. शिया गोरूकडचा उतार तीव्र आणि घसाऱ्याचा आहे. उतरायच्या आधी नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा.

आता स्वयंपाक. मला यादीतला हा सगळ्यात आवडता भाग, आणि इथेच सह्याद्रीची सवय नडते. बालू का घेऱ्याला पाणी ८७-८८ अंशांवरच उकळतं. पातेल्यात तूरडाळ तासभर उकळत ठेवली तरी दाणा कडकच राहतो आणि गॅस संपत जातो. एक तर दीड-दोन लिटरचा छोटा कुकर न्या, वजन किलोभर. चौघांत तो वसूल होतो आणि मुगाची खिचडी जमते. दोघे-तिघे असाल तर कुकर सोडा आणि पिठावर भर द्या. कुळथाचं पिठलं तिथेही पाच मिनिटांत होतं. भाजलेल्या रव्याचा सांजा, पोहे, सातूचं पीठ, शेवया हेही चालतं. मिश्रणं घरूनच तयार करून न्यावीत: रवा मंद आचेवर भाजून, त्यात तुपावरची फोडणी, मीठ, साखर आणि वाळवलेला कढीपत्ता मिसळून एकेका जेवणाची पिशवी, आणि पिशवीवर मार्करने किती पाणी घालायचं ते लिहिलेलं. थंडीत कुडकुडत मापं आठवत बसावं लागत नाही.

उंचीवर भूक मरते, हेही गृहीत धरा. गोड नको होतं, तेलकट पाहवत नाही. तेव्हा लिंबाचं लोणचं, लसूण-खोबऱ्याची चटणी, मेतकूट यांच्यावरच दोन घास जातात. वाटेत खायला शेंगदाण्याची चिक्की, राजगिरा वडी, खजूर, भाजलेले चणे, सगळं खिशात, कारण सॅक उतरवून खायचा कंटाळा येतो. गॅसचे डबे विमानात नाहीतच आणि रेल्वेतही नेता येत नाहीत. ते मनालीतच घ्यायचे. तिघांना चार मुक्कामांसाठी २३० ग्रॅमचे तीन डबे धरा. निव्वळ ब्युटेनचा डबा शून्याच्या आसपास मान टाकतो, म्हणून आयसोब्युटेन-प्रोपेन मिश्रण मागा आणि रात्री डबा थंडीत उघड्यावर ठेवू नका. काही झालं तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

पाणी वाटेत भरपूर आहे, पण वर मेंढरं चरत असतात. गाळून, क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकून, सांगितलेला वेळ थांबूनच प्या. थंड पाण्यात तो वेळ आणखी वाढवावा लागतो. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून चिरतो आणि बाहेरून काही दिसत नाही; तो रात्री बॅगेत जवळ घेऊन झोपा. गद्दी मेंढपाळांची कुत्री कळपाच्या राखणीला असतात, कळपाला लांबून वळसा घाला.

नाल्यांविषयी मात्र जरा थांबून वाचा. आपल्याकडे ओढा पावसाने फुगतो. तिथे उन्हानेही फुगतो. वरचं बर्फ दिवसभर वितळतं आणि सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं. शिया गोरूहून निघतानाचा नाला म्हणून भल्या सकाळी ओलांडायचा, पाणी कितीही बोचरं असलं तरी. अनवाणी उतरू नका. मागे पट्टा असलेली फ्लोटर्स घाला, मोजे आणि बूट सॅकमध्ये. पाण्यात पाय टाकण्याआधी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, दोन्ही काठ्या पुढे, आणि एका वेळी एकच आधार हलवायचा. जागा शोधताना अरुंद पट्टा मोहात पाडतो, पण तिथे पाणी खोल आणि जोराचं असतं. पाणी पसरून वाहतं तिथे ओलांडा. पाण्यात दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर नाला बंद समजा आणि काठावर तंबू लावा. राखीव दिवस त्यासाठीच ठेवलाय.

जोबरा सोडलं की मोबाइलवर विसंबू नका. नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (फोनच्या नकाशावर वाट दाखवणारी) आधी उतरवून घ्या, छापील प्रत प्लास्टिकमध्ये घाला. परदेशी राहणाऱ्या मित्राने सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आणायची तयारी दाखवली तर नको म्हणा. भारतात परवान्याशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळांवर लोकांना त्यापायी ताब्यात घेतलेलं आहे. हेडटॉर्चच्या जास्तीच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक रात्री अंगाजवळ ठेवा. मनालीनंतर एटीएम नाही, रोख घ्या.

शौचाला पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खड्डा खणून बसायचं. त्यासाठी छोटं खुरपं न्या. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, दुहेरी पिशवीत भरून परत आणायचे. ज्या मैत्रिणींना पाळीत मेन्स्ट्रुअल कप वापरायची सवय आहे त्यांना तो सोयीचा पडतो, पण पहिला प्रयोग तिथे नको.

सॅक भरताना आत कचऱ्याची जाड काळी पिशवी घाला आणि सगळं तिच्यात भरा. वरचं रेनकव्हर एकट्याने पुरत नाही. तळाशी स्लीपिंग बॅग, मध्ये पाठीला लागून शिधा आणि जड वस्तू, वर जॅकेट आणि औषधं. मग काट्यावर वजन करा. तंबू-शिधा धरून ते तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जात असेल तर सगळं बाहेर काढा आणि पुन्हा बसा. बहुतेकदा जास्तीचे कपडे निघतात.

शेवटी एक कागद, दोन प्रतींत. त्यावर गटातल्या प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, घरचा नंबर, वाटाड्याचा नंबर, रोजचा मुक्काम आणि छत्रूला उतरायची तारीख. एक प्रत सेथनच्या घरमालकाकडे, एक घरी. घरच्या प्रतीवर हेही लिहा की ठरल्या तारखेनंतर राखीव दिवसही गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन आला नाही, तर आधी वाटाड्याच्या घरी आणि मग मनाली पोलिसांना फोन करायचा. मनालीच्या ठाण्याचा नंबर एसटीडी कोडसकट त्याच कागदावर लिहा, कारण पुण्यातून ११२ फिरवला तर तो महाराष्ट्रातच लागेल.