परक्याच्या घरी पाहुणे म्हणून उतरताय? या चुका टाळा

गेली बारा वर्षं मी एकटी फिरते आणि जमेल तिथे लोकांच्या घरी उतरते. नाशिकला आमच्याकडेही असे पाहुणे येतात. दोन्हीकडून त्याच त्या चुका पाहून आता अगदी वीट आला आहे, म्हणून लिहायला बसले.

सगळ्याचं मूळ एकच. लोक याला फुकटचा लॉज समजतात. प्रवासी आणि यजमान यांची गाठ घालून देणारी ‘सर्वास’ ही संस्था १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, आणि देशोदेशीची माणसं एकमेकांच्या घरी राहिली, एका टेबलावर जेवली तर वैर कमी होईल, अशी त्यामागची भावना होती. म्हणून तिथे सदस्य होण्याआधी मुलाखत होते, आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा असतो. नव्या मंडळींना मुलाखतीची कटकट वाटते. मग ती काउचसर्फिंग या घरी उतरायला यजमान शोधून देणाऱ्या वेबसाइटवर जाऊन एकच मजकूर वीस जणांना धाडून देतात. मलाही असे मजकूर येतात. एकात माझ्या नावाच्या जागी इंदूरच्या कुणाचं तरी नाव होतं! अशांना मी नाही म्हणून कळवते. मी स्वतः तीनच घरांना लिहिते, तेही त्यांची माहिती शेवटपर्यंत वाचून.

दुसरी चूक उशिरा पोचण्याची. ही मी स्वतः केली आहे आणि अजून मनाला लागून आहे. जर्मनीत कोब्लेन्ट्सच्या पुढे, मोझेल नदीकाठच्या एका खेड्यात सत्तरीच्या एक आजी मला दोन रात्री ठेवून घेणार होत्या. सहाला पोचते, असं मीच कळवलं होतं. वाटेत कोलोनला गाडी बदलायची होती. तिथलं प्रचंड कॅथेड्रल स्टेशनाच्या दारातच उभं आहे. म्हटलं, आलोच आहोत तर तासभर बघून घेऊ. त्या तासाचे दोन झाले, पुढची जोडगाडी चुकली, फोनची बॅटरी संपली, आणि गावात जाणारी शेवटची बस निघून गेली. स्टेशनावरच्या एका बाईंच्या फोनवरून आजींना कळवलं तेव्हा नऊ वाजत आले होते. त्या अंधारात गाडी चालवत मला घ्यायला आल्या.

घरी टेबल मांडलेलंच होतं. त्यांच्याकडे गरम जेवण दुपारी, संध्याकाळी ‘आबेंडब्रोट’, म्हणजे पाव, चीज, काकडी असं थंड खाणं. पण मी शाकाहारी म्हणून आजींनी मुद्दाम भोपळ्याचं सूप केलं होतं. टेबलावर आणखी दोन बश्या होत्या. शेजारच्या जोडप्याला त्यांनी भारताबद्दल ऐकायला बोलावलं होतं. ते दोघं आठपर्यंत थांबून निघून गेले. आजी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. सूप परत गरम केलं आणि समोर बसून राहिल्या. तेव्हापासून यजमानांकडे जायच्या दिवशी मी वाटेत दुसरं काहीही ठरवत नाही. गावात दुपारीच पोचते, बाकावर बसून राहते आणि सांगितलेल्या वेळेला बेल वाजवते.

त्याच घरात दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट शिकले. आपल्याकडे पाहुण्यानं दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि घरच्यांनी तिसऱ्यांदा वाढायचं, ही रीतच आहे. जर्मनीत असा आग्रह होत नाही. काही देऊ केल्यावर नुसतं ‘डांके’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो. मी आभार मानायला म्हणून ‘डांके’ म्हणाले आणि केक मला न मिळताच पुढे सरकला. हवं असेल तर ‘बिटे’ म्हणा, पहिल्याच वेळी.

‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. अंडं चालतं का, मासा चालतो का, हे आधी लिहून कळवा. जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. जेवायला बसल्यावर हे काढलंत, तर राबलेल्या माणसाचा हिरमोड होतो. आणि न विचारता फोडणी करू नका; छताला धुराचा अलार्म असतो.

व्हिसासाठी एजंटकडून हॉटेलचं खोटं ‘डमी’ बुकिंग घेऊ नका. हा आडमार्ग सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. राहणार तिथलाच पत्ता लिहा. फ्रान्समध्ये कुणाच्या घरी राहायचं तर यजमानाला त्याच्या नगरपालिकेतून दाखला काढावा लागतो, वर ३० युरो शुल्क. अनोळखी माणसाला या कामाला लावू नका. पहिल्या खेपेला पैसे भरून खोली घ्या.

तुम्ही भारतात यजमान असाल तर परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद करा. ‘दोनच दिवस तर आहे’ म्हणून टाळू नका.

एकट्या मुलींनो, एका रात्रीच्या लॉजचे पैसे कायम वेगळे ठेवा. घरात पाय ठेवल्यावर मन कचरलं, तर कारण न सांगता निघा.

भेट म्हणून पितळी मूर्ती नेऊ नका, ओझं होतं. मी आईच्या हातची गोधडी नेते, लहान, उशीएवढी. निघायच्या दिवशी चादरी काढून विचारा, कुठे ठेवू. आणि घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत पत्र लिहा, हातानं. मोझेलच्या आजींचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. आत शेजाऱ्यांच्याही सह्या होत्या, आणि भोपळ्याच्या सुपाची कृती.